गप्प घरातली शिट्टी

१२ मे

चि. शहाणीबाई,

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाला कुलूप लावून किल्ली तुझ्या हातात दिली, त्याला आता दोन महिने होत आले. काल दुकानात कागदावर ‘साबण’ लिहून दाखवलं, तर दुकानदार माझ्याच कानाशी येऊन मोठमोठ्याने बोलायला लागला. माणूस मुकं झालं की बहिरंही होतं आणि थोडं वेडंही होतं, असा लोकांचा समज दिसतो. मी त्याला ‘ऐकू येतं’ असंही लिहून दाखवलं. ते त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं.

तर माझं सगळं बोलणं आता पेनातून वाहणार आणि ते तुला वाचावं लागणार. आवाजाच्या दवाखान्यात नोकरी धरलीस ना, भोग आता.

सोबत या आठवड्याच्या रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड आहे. हुकमाप्रमाणे एकच पान वाचलं. रेकॉर्डर तोंडापासून वीतभर लांब, खिडक्या बंद, पंखा बंद. घामाने निथळले. शेजारीण विचारत होती, फोनवरून का नाही पाठवत? तिला लिहून दाखवलं की फोन आवाज दाबून-चेपून पाठवतो आणि आमच्या भाचीला तो अंगच्या कपड्यांनिशी, जसाच्या तसा लागतो.

आता मुद्द्याचं. अंधांसाठीच्या ग्रंथालयाचे व्यवस्थापक येऊन गेले. ती जाडजूड कादंबरी माझ्या आवाजात अर्धी रेकॉर्ड होऊन पडली आहे. त्यातली बाई होडीत बसली आणि इकडे माझ्या स्वरतंतूवर गाठ निघाली; ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण ती बिचारी अजून होडीतच बसून आहे. व्यवस्थापक म्हणाले, ऑगस्टअखेरपर्यंत थांबतो. तोवर तुम्हाला वाचायची परवानगी मिळाली नाही, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे देऊ, आणि अर्धं एकाचं अर्धं दुसऱ्याचं बरं वाटत नाही म्हणून पहिल्या पानापासून देऊ. म्हणजे माझं वाचलेलं सगळं पुसणार. त्या लोकांना मी चौदा वर्षं वाचून दाखवते आहे ग. मला हे पुस्तक सोडायचं नाही. तुझ्या त्या आलेखांना जरा नीट वागायला सांग.

तुझी (सक्तीची) मौनीबुवा आत्या


२० मे

आमच्या मौनीबुवांस,

पत्र चार वेळा वाचलं. दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. साबणाचा किस्सा डॉक्टरीणबाईंना इतका आवडला, की त्यांनी त्यांच्या दुसऱ्या पेशंटला तुझा म्हणून न सांगता स्वतःचा म्हणून सांगितला.

आता आलेखाचं. तुझं कार्ड आलं की मी ते संगणकात घालते, त्यातला अनावश्यक पसारा काढून रेकॉर्डिंग हलकं करते आणि मग आवाजाची चिरफाड करते. आवाजात स्वर किती, नुसती हवा किती, हे त्यातून एका आकड्यात कळतं. डॉक्टरीणबाई तो आकडा बघून परवानगीचं ठरवतात. आणि आत्या, तो आकडा हलायलाच तयार नाही. वर, आलेखात एक बारीक रेघ दिसते आहे, कोणीतरी दूर शिट्टी वाजवत बसावं तशी. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, स्वरतंतू अजून पुरते मिटत नसावेत, फटीतून हवा निसटते आहे. मौन आणखी वाढवा म्हणाल्या.

मला तुला हे सांगताना वाईट वाटतंय. पण विचारणं माझं कर्तव्य आहे, म्हणून विचारते: तू खरंच गप्प आहेस ना? मी तुला ओळखते. तू झोपेतही समोरच्याचं वाक्य दुरुस्त करतेस.

तुझी भाची


२८ मे

शहाणे,

मी गप्प आहे. याला साक्षीदार शेजारीण आहे. ती हल्ली इतकी खूश असते, की मला संशय येतो. दोन महिने ती बोलते आणि मी मान हलवते. तिच्या सुनेची बाजू मी एकदाही घेऊ शकलेले नाही.

आणि शिट्टी कसली ग? माझा घसा म्हणजे काय प्रेशर कुकर आहे? मी कार्ड पाठवण्याआधी ऐकते. मला तरी काही शिट्टीबिट्टी ऐकू येत नाही. हवा निसटते म्हणतेस, तर निसटू दे थोडी, या वयात माणसाचं काय काय निसटतं. पण ऑगस्ट काही निसटून चालणार नाही मला. डॉक्टरीणबाईंना सांग, पेशंट सगळं ऐकते आहे, फक्त परवानगी कधी ते विचारते आहे.

आत्या


११ जून

आत्या,

घाईत लिहिते. या आठवड्याचं कार्ड उघडलं आणि मी खुर्चीतून उठलेच. रेघ नाही. शिट्टी गायब. आकडाही एकदम सुधारला. अजून अगदी हवा तसा नाही, पण सुधारला. मी डॉक्टरीणबाईंना ओढत आणून दाखवलं. त्या विचारतात, पेशंटने या आठवड्यात वेगळं काय केलं?

काय केलंस? सगळं लिही. काही खाल्लं-प्यायलं, उशी बदलली, काहीही.

तुझी आनंदी भाची


१६ जून

चि. शहाणीबाईस आशीर्वाद,

आनंद वाटला. बघ, म्हातारीचा घसा अजून कामाचा आहे.

वेगळं असं काय सांगू. रोज वाफ घेतली. कोमट पाणी प्यायले. लवकर झोपले. मुख्य म्हणजे वाफ. हो, वाफच असणार. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मी सगळं मनापासून करते आहे.

इकडे विशेष काही नाही. बाकी सगळं ठीक. टपाल निघायची वेळ झाली म्हणून थांबते.

आत्या


२९ जून

आत्या,

तुझं मागचं पत्र मी जपून ठेवणार आहे. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्र आहे ते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तुझी ‘बाकी सगळं ठीक’ लिहायची पद्धत नाही. बाकी सगळ्यावर तू चार पानं लिहितेस.

तुझ्या वाफेचं इथे काय झालं ते ऐक. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन पेशंटना वाफ सुरू केली. आणि तुझं पुढचं कार्ड आलं, तर रेघ परत हजर. त्याच्या पुढच्या कार्डातही. अगदी त्याच जागी, केसभरही इकडे-तिकडे नाही. डॉक्टरीणबाई आता दुसऱ्या ऑपरेशनची भाषा करताहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. ते झालं तर पुन्हा तीन महिने मौन, म्हणजे ऑगस्ट गेला. हे मला तुला लिहावं लागतंय.

पण एक गोष्ट मला टोचते आहे. काल मी तो आलेख अगदी बारकाईने पाहिला. तू पान उलटतेस, श्वास घेतेस, घोट गिळतेस, तेव्हाही रेघ तिथेच असते. कादंबरीतल्या म्हाताऱ्याचे संवाद तू जाड आवाजात वाचलेस, होडीतल्या बाईचे नाजूक आवाजात, तरी रेघ ढिम्म. आवाज वर गेला की घशातून निघालेली प्रत्येक गोष्ट थोडीतरी वर जाते. घशातली कुठलीच गोष्ट इतकी शिस्तीची नसते, आणि तुझ्या घशातली तर मुळीच नाही.

म्हणून आता खरं सांग. वाफ सोड. त्या एका आठवड्यात तुझ्या खोलीत काय होतं, किंवा काय नव्हतं?

मी रागावणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरायच्या आत उत्तर हवं.

भाची


३ जुलै

शहाणे,

टीव्ही दुरुस्तीला दिला होता.

झालं समाधान? आता पूर्ण ऐक, नाहीतर तू भलतंच समजशील. तुला माहीत आहे तो, पाठीला ढेरी असलेला जुना. मी वाचताना तो चालू असतो. पण आवाज पूर्ण बंद असतो, तुझी शपथ. मी स्वतः कान लावून बघते. म्हणून मला वाटलं यात सांगण्यासारखं काय. आणि तू ‘खोलीत काहीही चालू नको’ असं लिहून दिलं होतंस, म्हणून सांगायची लाज वाटली. वाफ घेतली होती, ते खरं आहे. दोनदा.

का चालू ठेवते विचारशील. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि आठवडाभर तोंडातून शब्द नाही. फोन करता येत नाही. कोणी आलं तर ते बोलतात आणि दहा मिनिटांत कंटाळून उठतात. गप्प माणसासमोर कोण किती वेळ बसणार. मग तो चालू ठेवते. समोर माणसं तोंड हलवताना दिसली की बरं वाटतं ग. मालिकेत काय चाललंय ते कळत नाही, पण ती मोठी सून आता सगळ्यांना क्षमा करते आहे असं चेहऱ्यावरून वाटतं.

आता या मुक्या टीव्हीचा आणि माझ्या घशाचा संबंध काय ते तूच सांग. आणि रागावणार नाहीस असं लिहिलं आहेस, ते पत्र माझ्याकडे आहे.

आत्या


८ जुलै

आत्या,

रागावले नाही. तुझ्या पत्राचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचून मी थोडा वेळ जिन्यात जाऊन बसले. तुला गप्प राहायला सांगितलं आणि गप्प माणूस दिवसभर काय करतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आजपासून रोज संध्याकाळी सातला मी फोन करणार. मी बोलेन, तू फोनवर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, सतत टिचक्या म्हणजे ‘तू मूर्ख आहेस’. शेवटच्याची तुला आज लगेच गरज पडेल, कारण पुढचं वाच.

चूक माझी आहे. टीव्हीची थोडी, पण मुख्य माझी.

तुझा रेकॉर्डर सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा आवाज मोजतो. मला हवे असतात घशा-तोंडाचे घुमारे, ते सगळे खालच्या पट्टीत असतात. वरचा पसारा तसाच ठेवला तर आमचा प्रोग्रॅम भलत्याच जागी घुमारे शोधत बसतो. म्हणून मोजण्या कमी करायच्या, सेकंदाला अकरा हजारांवर आणायच्या. त्यासाठी व्यवस्थित साधन आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि कार्डं ढीगभर. मग मी माझी स्वतःची चार ओळींची युक्ती लिहिली: दर चौथी मोजणी ठेवायची, मधल्या तीन फेकायच्या. किती हुशार, नाही?

आता समज, शेजारीण दर तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे साखर मागायला येते. आणि मी फक्त दर चौथ्या दिवशी खिडकीतून डोकावते. मला ती बारा दिवसांतून एकदाच तुझ्या दारात दिसेल आणि मी म्हणेन, किती भिडस्त बाई आहे, क्वचितच येते. माझ्या युक्तीने हेच केलं. तुझा ढेरीवाला टीव्ही, आवाज बंद असला तरी, चित्र काढताना अतिशय उंच स्वरात किणकिणत असतो. सेकंदाला साडेपंधरा हजार थरथरी. तुझ्या कानांना ते ऐकू येणं शक्यच नाही आणि माझेही कान आता काही कोवळे नाहीत. रेकॉर्डरला मात्र ऐकू येतं. मी मोजण्या फेकल्या, आणि ती किणकिण वेषांतर करून खाली उतरली, साडेचार हजारांच्या आसपास, बरोब्बर तुझ्या आवाजाच्या मध्यात येऊन बसली. तुझे ‘स’ आणि ‘श’ यांचा वरचा फुसफुसाटसुद्धा तसाच खाली येऊन मिसळला, म्हणून टीव्ही नव्हता त्या आठवड्यातही आकडा पुरता सुधारला नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी काही म्हणजे काही नाही. मी ते कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

करायला हवं होतं ते इतकंच: आधी अकरा हजार मोजण्यांत न मावणारं, म्हणजे साडेपाच हजार थरथरींच्या वरचं, सगळं गाळून टाकायचं, आणि मगच मोजण्या कमी करायच्या. मी गाळणं विसरून नुसतं फेकत बसले. काल तुझी सगळी कार्डं पहिल्यापासून नीट गाळून पुन्हा केली. रेघ कुठेही नाही. आकडा जूनपासून उत्तम आहे. तुझे स्वरतंतू व्यवस्थित मिटतात, आत्या. शिट्टी वाजावी अशी फट त्यांच्यात कधी नव्हतीच.

डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी जुने-नवे आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग आरशाने तुझा घसा पुन्हा स्वतः बघायचा म्हणाल्या, ते बरोबरच आहे, तेव्हा सोमवारी ये. ऑपरेशन रद्द. आणि मला आता सगळ्या पेशंटची सगळी कार्डं परत करायची आहेत. तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला नीट कळलं.

बोल आता काय बोलायचं ते. टिचक्यांनी.

तुझी भाची


१५ जुलै

चि. अतिशहाणीबाई,

टिचक्यांनी माझं बोट सुजलं आहे.

म्हणजे ऑपरेशन माझं व्हायचं होतं आणि आजारी होता टीव्ही. तो दुरुस्तीला गेला तेव्हा मी बरी झाले, परत आला तेव्हा मी पुन्हा आजारी पडले, आणि मधल्या मधे दोन परक्या माणसांना वाफा दिल्या. शेजारणीला हे सगळं लिहून दाखवलं. साखरेचा भाग झाकून दाखवला. तरी तिने कागद उचलून वाचलाच.

सोमवारी भेट झाली ते छान झालं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, उगाच डोक्यात जायच्या माझ्या. ‘रोज अर्धा तास वाचा’ असं त्या म्हणाल्या तेव्हा मला रडू आलं आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस, ते मी पाहिलं.

पण आता खरं दुखणं सांगते. घरी आले आणि पहिल्यांदाच माझं जुनं रेकॉर्डिंग आणि परवाचं, एकापाठोपाठ ऐकलं. इतके दिवस मी फक्त शिट्टी शोधत होते, आवाज ऐकलाच नव्हता. हा माझा आवाज नाही ग. जाडा झाला आहे. खाली गेला आहे. कडेने थोडा खरखरतो. कोण बाप्या वाचतोय असं वाटलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला (बोलून!). त्या म्हणाल्या, गाठ काढली की कधी कधी असं होतं, आता हाच राहील.

व्यवस्थापकांना ऐकवलं. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ऐकणाऱ्यांना वाटेल मधेच वाचक बदलला. त्यापेक्षा दुसऱ्यांकडूनच सुरुवातीपासून करून घेऊ का, तुम्हालाही त्रास नको. त्या लोकांना माझा चेहरा दिसत नाही. त्यांच्यासाठी मी म्हणजे तो आवाज. तो गेला असेल, तर मी कशाच्या जोरावर म्हणू, की मीच आहे?

तुझ्या आलेखाला विचार. या वेळी गाळून विचार.

आत्या


२६ जुलै

आत्या,

विचारलं. गाळून विचारलं. दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा माझ्या शेजारच्या टेबलावरच्याकडून करून घेतलं, कारण सध्या माझ्या शब्दाला इथे फारशी किंमत नाही.

ग्रंथालयातून तुझी तीन जुनी रेकॉर्डिंग मागवली, ऑपरेशनच्या आधीची. ती आणि आताची, दोन्ही अगदी एकाच पद्धतीने हलकी केली. ऐक काय निघालं. स्वर खाली गेला आहे, खरं. थोडी खरखर आहे, खरी. तेवढं स्वरतंतूंचं काम. पण आवाज नुसता स्वरतंतूंचा नसतो. तो घशातून, टाळ्याखालून, जिभेवरून, ओठांतून बाहेर येताना घुमतो, आणि ते घुमारे ज्याच्या-त्याच्या तोंडाच्या घडणीप्रमाणे पडतात. तुझा ‘आ’, तुझा ‘ई’, तुझा ‘ओ’, जुने आणि नवे एकमेकांवर ठेवले, तर वेगळे करता येत नाहीत. ‘ए’ तू थोडा पसरट करतेस, लहानपणी आम्ही त्याची नक्कल करायचो. तोसुद्धा जसाच्या तसा आहे. वाक्याच्या शेवटी थांबायची तुझी सवय तीच. जे शस्त्राने हललं ते एवढंसंच होतं, बाकी सगळी तू आहेस.

हे आलेख सोबत जोडले आहेत. व्यवस्थापकांना दाखव. त्यांना कळले नाहीत तर सांग, एका माणसाने या आलेखांसाठी चांगलाच अपमान सहन केला आहे.

आणि आलेख राहू दे. सात वाजता फोनवर तू ‘काय ग’ म्हणतेस ना, तेव्हा मला एकदाही दुसरं कोणी वाटलेलं नाही.

तुझी भाची


२४ ऑगस्ट

चि. शहाणीबाईस अनेक उत्तम आशीर्वाद,

व्यवस्थापकांनी आलेख उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, ‘यातलं मला काही समजत नाही, पण तुम्ही ते घेऊन इतक्या लांब आलात, तर वाचाच.’

पुस्तक पूर्ण झालं. रोज अर्धा तास, रोज टीव्ही बंद. होडीतल्या बाईचं काय झालं ते सांगत नाही, रेकॉर्डिंग मागवून ऐक. जिथे जुना आवाज संपतो आणि नवा सुरू होतो, तिथे त्यांनी मला एक वाक्य लिहून दिलं होतं, ‘तांत्रिक कारणास्तव वाचनात बदल जाणवेल’ अशा थाटाचं. मी ते बाजूला ठेवलं आणि सरळ म्हणाले, ‘मधे माझा घसा बिघडला होता. आता आवाज जाडा येईल. वाचणारी मीच आहे. चला पुढे.’ त्यांना आवडलं नाही, पण पुन्हा वाचायला लावलं नाही.

मागच्या आठवड्यात नव्या आवाजातले पहिले भाग ऐकणाऱ्यांकडे गेले. काल ग्रंथालयात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, नावही माहीत नव्हतं. व्यवस्थापक सांगत होते, ते गृहस्थ म्हणाले, बाईंना म्हणावं, मीच आहे हे सांगायची गरज नव्हती, मी त्या पसरट ‘मधे’लाच ओळखलं. पण एवढे महिने होत्या कुठे त्या, कोणाला काही कळवायची पद्धत आहे की नाही? चांगलेच रागावले होते म्हणे. व्यवस्थापक माझी क्षमा मागायला लागले. मी त्यांना म्हटलं, असू द्या, आणि घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होते. किती दिवसांनी कोणीतरी माझ्यावर असं हक्काने रागावलं होतं ग.

तुझी आत्या